कोटेशनमधली एक ओळ

पांढऱ्या भिंतीवर आमचा हळद पॉलिश करायचा ड्रम गोल गोल फिरत होता आणि निनाद टिळेकर त्याचा रंग बदलत होता. आधी हिरवा केला, मग निळा, मग गुलाबी.

"बघा सर, एका क्लिकमध्ये!"

"गुलाबी ड्रम कोण घेणार?" मी विचारलं.

"प्रश्न तो नाही सर. कस्टमरला चॉइस मिळतो, हे महत्त्वाचं."

"अहो, त्यात हळद घालायची असते. आठ दिवसांत सगळे ड्रम पिवळेच होतात."

निनाद मोठ्याने हसला. मी विनोद केला नव्हता. पण तो पुण्याहून सॉफ्टवेअर विकायला आला होता आणि गिऱ्हाईक काहीही बोललं की हसायचं, असं त्याला कुणीतरी शिकवलं असावं.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबर महिना होता. सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. शेतकरी हळद काढतो, शिजवतो, वाळवतो आणि मग ड्रममध्ये घालून फिरवतो. त्यात साल निघते आणि हळकुंड चमकतं. असे ड्रम आम्ही बनवतो. कुणाला पाच क्विंटलचा लागतो, कुणाला वीसचा. कुणाला ट्रॅक्टरवर चालणारा, कुणाला मोटरवर. कुणाला चाकं हवी, कुणाला नको. त्यामुळे दोन ड्रम कधी सारखे नसतात आणि प्रत्येक गिऱ्हाईकाला किमतीचं कोटेशन नव्याने काढून द्यावं लागतं.

एकतीस वर्षं हे काम माझी बायको त्रिशला करत होती. वहीत हिशोब मांडायची, मग कागदावर उतरवायची. मे महिन्यात ती गेली. तिच्यानंतर ते काम आमच्या मुलीच्या, वृषालीच्या अंगावर पडलं. वृषाली मेकॅनिकल इंजिनिअर आहे. चार महिन्यांत ती म्हणाली, "आप्पा, यासाठी सॉफ्टवेअर मिळतं. ते गिऱ्हाईकाला प्रश्न विचारतं, उत्तरांवरून मशीन ठरवतं आणि किंमत काढून कागद छापतं."

मी म्हणालो, "तुझी आई हेच करायची. वर चहाही विचारायची."

तरीही दोन सॉफ्टवेअर बघायचं ठरलं. एक निनादच्या कंपनीचं. दुसरं मिरजेच्या समीना मुजावर या बाईंचं. त्या स्वतःच सॉफ्टवेअर लिहायच्या आणि स्वतःच येऊन बसवून द्यायच्या. माझं मन निनादकडे होतं. त्याचं कारण आज सांगायला लाज वाटत नाही. पहिल्याच भेटीत तो मला 'व्हिजनरी' म्हणाला होता. समीना पहिल्या भेटीत एवढंच म्हणाली होती, "जुन्या कोटेशनच्या वह्या द्या. नियम त्यातूनच काढावे लागतील." मी पोतंभर वह्या दिल्या. त्या तिने रिक्षात घातल्या, चहा घेतला आणि गेली. व्हिजनरी वगैरे काही नाही.

शिवाय तिच्या सॉफ्टवेअरमध्ये एक कुलूप होतं. दोन टक्क्यांच्या वर सूट द्यायची झाली की ते वृषालीचा पासवर्ड मागायचं.

"माझ्या कारखान्यात मी पोरीची परवानगी घ्यायची?" मी विचारलं होतं.

"हो," वृषाली म्हणाली होती. "दिवाळीपासून अकरा ड्रम गेले आप्पा. नऊ ड्रमांत आपल्याला काही राहिलं नाही."

"पत्र्याचा भाव वाढलाय."

"पत्र्याचा भाव दिवाळीपासून उतरलाय."

यावर मी बाजार, सरकार आणि डिझेल यांच्याविषयी थोडं बोललो. तिने ऐकून घेतलं आणि टेबलावर एक पत्र ठेवलं. चाकणच्या एका कंपनीत तिला नोकरी मिळत होती. सोमवारपर्यंत उत्तर कळवायचं होतं.

"कुलूप नसेल तर मी नसेन," ती म्हणाली. "बावीस माणसं कामाला आहेत. हा कारखाना बंद पडताना मी इथं बसून बघणार नाही."

तर निनाद ड्रमला रंग देत होता तो शनिवार होता. दुपारी समीना येणार होती.

साडेअकराच्या सुमाराला कऱ्हाळे आले. बळीराम कऱ्हाळे, वसमतचे. त्यांनी शेतकऱ्यांचा एक गट केला होता. पाच वर्षांपूर्वी त्यांनी आमच्याकडून एक ड्रम नेला होता, आता दुसरा हवा होता. आल्या आल्या त्यांनी माझे दोन्ही हात हातात धरले.

"आप्पा, वैनींचं कळलं. लई वाईट झालं बघा."

"बसा," मी म्हणालो. दुसरं काही बोलायला मला जमत नसे.

निनादचे डोळे चमकले. "सर, लाइव्ह डेमो करू! खरा कस्टमर, खरी केस!" आणि तो लॅपटॉप घेऊन कऱ्हाळ्यांच्या शेजारी जाऊन बसला. "काका, मला सांगा, तुमचा पेन पॉइंट काय?"

कऱ्हाळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे डॉक्टर हायेत का?"

"नाही, सॉफ्टवेअरचे आहेत. तुमचं दुखणं विचारतायत."

"गुडघे हायेत. पर त्याला काय करता आता."

निनादने ते टाईप केलं का, मला माहीत नाही. पुढे त्याने बावीस प्रश्न विचारले. ड्रमवर गटाचं नाव छापायचं का, मोबाइलवर ड्रमची माहिती हवी का, वगैरे. मध्येच त्याने ड्रम गुलाबी करून दाखवला. कऱ्हाळे म्हणाले, "लेकीच्या लग्नात देयाचा न्हाई हो, हळदीला पाहिजे." शेवटी पंधरा क्विंटलचा, ट्रॅक्टरवर चालणारा, चाकं असलेला ड्रम ठरला. कऱ्हाळ्यांनी हे दारातून आत येतानाच सांगितलं होतं.

भिंतीवर किंमत आली. कऱ्हाळ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आप्पा, सौदा करायला वैनी लई कडक होत्या. रुपया सोडत नव्हत्या. पर तुमची गोष्ट येगळी. आमच्या गावात आजबी सांगतो मी, कुपवाडला एक माणूस हाय म्हणून."

इतकं पुरे होतं. मी उठलो, टेबलाला वळसा घालून गेलो आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"कऱ्हाळे, तुम्ही एवढ्या लांबून आलात. आठ टक्के सोडले. आणि महिना नाही, वीस दिवसांत ड्रम तुमच्या दारात."

वृषालीने पेन खाली ठेवलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीकडे बघत राहिली.

निनादने आठ टक्के टाईप केले आणि बटण दाबलं. भिंतीवर वरपासून खालपर्यंत रंगीत कागदाचे तुकडे उडायला लागले आणि लॅपटॉपमधून टाळ्यांचा आवाज आला.

"काँग्रॅच्युलेशन्स सर! डील क्लोज झाली की आमचं सॉफ्टवेअर सेलिब्रेट करतं. तुमच्यासारखं रिलेशनशिप सेलिंग मी महाराष्ट्रात पाहिलं नाही!"

कऱ्हाळ्यांनीही टाळ्या वाजवल्या. मीही थोड्या वाजवल्या.

कऱ्हाळे आगाऊ रकमेचा चेक देऊन गेले. वृषालीने निनादला विचारलं, "यात किती सूट देता येते? काही मर्यादा आहे?"

"नो लिमिट मॅडम! मालकाला आपण कसं अडवणार?"

"आत्ताच्या ड्रमात आम्हाला घाटा झाला. तुमच्या सॉफ्टवेअरला ते कळलं का?"

निनादने थोडा विचार केला. "तो रिपोर्ट आमच्या प्लॅटिनम पॅकेजमध्ये आहे," तो म्हणाला.

तो गेल्यावर आम्ही दोघांनी डबा खाल्ला. मी म्हणालो, "वसमतचा माणूस आहे, चार गिऱ्हाइकं आणेल." ती म्हणाली, "चौघांनाही आठ टक्के सोडा." मी लोणच्याची फोड शोधत बसलो.

समीना तीन वाजता आली. वह्यांचं पोतं तिने स्वतःच ओढत आत आणलं. तिच्या लॅपटॉपवर काहीही फिरत नव्हतं. नुसते रकाने आणि ओळी होत्या.

"सर, नियम जवळजवळ सगळे सापडले," ती म्हणाली. "वह्या लिहिणाऱ्या मॅडमचं काम फार स्वच्छ आहे. ड्रम दहा क्विंटलच्या वर गेला की शाफ्ट जाड धरायचा. काळ्या मातीच्या भागातलं गिऱ्हाईक असेल तर चाकं रुंद घालायची, मागितली नसली तरी. मोटर मागितली आणि गावात लाईट टिकत नसेल, तर ट्रॅक्टरची जोडणी सोबत द्यायची. हे सगळं मी बसवलं. एकच ओळ बसत नाही. तेवढी विचारायची होती."

"विचारा," मी म्हणालो आणि खुर्चीत मागे टेकलो. "मशीन मी बनवतो. त्यातलं मला ठाऊक नाही असं काही नसतं."

"रंगाच्या नंतर आणि वाहतुकीच्या आधी एक सामान येतं. त्याला वजन नाही, माप नाही. नुसते टक्के लिहिलेत."

"प्राइमर," मी म्हणालो.

"प्राइमर वर वेगळा लिहिलाय सर."

"मग गंजू नये म्हणून लावतात ते. खारी हवा असते ना."

"कुपवाडला खारी हवा?" वृषाली म्हणाली. जेवणानंतरचं तिचं ते पहिलं वाक्य होतं.

"आपल्याकडे नसते. गिऱ्हाइकाकडे असते."

समीनाने वाद घातला नाही. "पण फोनवर ठरलेल्या ड्रमांना ते लावलेलं नाही. गिऱ्हाईक इथं येऊन बसलं तरच लागतं."

"हां, मग ते चाचणीचं!" मला एकदम सुचलं. "गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर ड्रम फिरवून दाखवावा लागतो. डिझेल जातं."

"मलाही आधी तसंच वाटलं. पण डिझेल सगळ्यांना सारखंच जाईल ना सर? हे नवीन माणसाला तीन टक्के लागतं. ओळखीच्याला सहा. आणि काही नावं आहेत, त्यांना अकरा लागतं. उपाध्ये, मगदूम, आणि एक शेडबाळे."

हे तिघे माझे जैन बोर्डिंगमधले मित्र. मी म्हणालो, "त्यांच्या ड्रमचं काम वेगळं असतं."

"आणि ते वर्षावर्षाला वाढतंय," समीना म्हणाली. "पहिल्या वहीत दोन टक्के आहे. शेवटच्या वहीत सरासरी साडेनऊ. शिवाय ते दिवसही खातं. जिथं जिथं हे सामान आहे, तिथं मॅडमनी मुदतीत आठ-दहा दिवस जास्तीचे धरलेत."

"पण त्या सामानाचं नाव काय लिहिलंय?" वृषालीने विचारलं.

समीनाने एक वही उघडली आणि टेबलावर आमच्याकडे फिरवली. त्रिशलाचं अक्षर होतं. बारीक, एकाखाली एक ओळी. जाळी. शाफ्ट. बेअरिंग. चाकं. प्राइमर. रंग. मग लिहिलं होतं, आप्पा. त्याच्यापुढे साडेनऊ टक्के. त्याच्याखाली, वाहतूक.

समीनाने त्या ओळीवर पेन टेकवलं.

"मला हे मशीनमध्ये कसं धरायचं ते कळेना," समीना म्हणाली. तिचा चेहरा अगदी सरळ होता. "हा भाग स्टँडर्ड समजायचा की ऑप्शनल?"

वृषालीने तोंडावर हात धरला. मला वाटलं ती रडतेय. ती हसत होती. मग ती रडत होती. मग पुन्हा हसायला लागली आणि उठून बाहेर गेली.

मी वही जवळ ओढली. आधी जयपाल उपाध्येचं पान शोधलं. सोळा वर्षांपूर्वी मी जयपालला पंधरा क्विंटलच्या ड्रमवर दहा टक्के सोडले होते. त्याने ती गोष्ट चार लग्नांत सांगितली होती. दोन लग्नांत मी शेजारीच होतो आणि मान खाली घालून नको नको म्हणत होतो. पानावर लिहिलं होतं, जयपाल उपाध्ये, आप्पा अकरा टक्के. म्हणजे मी दहा सोडले आणि त्रिशलाने माझ्यावर एक टक्का कमावला.

मग मगदूम. तिने अकरा धरले होते, मी नऊ सोडले होते. मग लातूरचे एक गुरुजी. तिने पाच, मी पाच. मग बसपन्ना नावाचा एक माणूस, जो माझ्या पाया पडला होता. तिने बारा धरले होते. पाया पडणार हे तिला आधीच कसं कळलं, ते मला आजही माहीत नाही. मी तेव्हा बारा सोडले होते आणि मुदतीतले दहा दिवस कमी केले होते. पुढच्या ओळीत दहा दिवस लिहिले होते.

मी बऱ्याच वह्या उलटल्या. ती एक-दोन टक्क्यांच्या वर कुठे चुकली नव्हती. चुकली तिथेही जास्त धरूनच.

एकतीस वर्षं मी टेबलाला वळसा घालून जात होतो आणि गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात ठेवत होतो. ती समोर बसून मान खाली घालून कागद पुढे सरकवायची. मला वाटायचं, बिचारीला माझा उदार स्वभाव पटत नाही, पण नवऱ्यापुढे बोलत नाही. मी घरी जाताना तिला समजावायचो. धंदा माणसं जोडून होतो, असं सांगायचो. ती म्हणायची, "तेही खरंच." सौद्यात कडक म्हणून तिचं नाव खराब झालं आणि माझं मात्र वसमतपर्यंत पोचलं.

वृषाली तोंड धुऊन आत आली आणि बसली.

"आई कधी बोलली नाही," ती म्हणाली. "मलासुद्धा नाही. मी कोटेशन शिकव म्हणाले तेव्हा ती दवाखान्यात होती. म्हणाली, सगळं वहीत आहे. मी कंप्युटरवर घेताना ही ओळ सोडून दिली. मला वाटलं, तुमच्या खर्चाला काहीतरी काढून ठेवत असेल."

"तसंच आहे ते," मी म्हणालो.

समीना वाट बघत होती. तिला पाचच्या गाडीने मिरजेला जायचं होतं.

"मग कुलूप बसवू ना सर? दोन टक्क्यांचं?"

वृषालीने माझ्याकडे बघितलं. मला कळत होतं, आता मी हो म्हणायला हवं. आकडे समोर होते. चाकणचं पत्र तिच्या पर्समध्ये होतं.

"कुलूप नको," मी म्हणालो.

"आप्पा!"

"ऐक तरी. तुझ्या आईने मला कधी कुलूप लावलं नाही. ही ओळ जशी वहीत आहे तशीच घाला. रंगाच्या नंतर, वाहतुकीच्या आधी. गिऱ्हाइकाच्या कागदावर दिसायला नको. आणि माझ्या पडद्यावरही दिसायला नको."

समीनाची बोटं थांबली. "मालकाच्याच पडद्यावरून लपवायचं? सर, नोकरांपासून लपवायला सांगणारे पुष्कळ भेटतात. असं कुणी मागितलं नव्हतं."

"होईल की नाही?"

"होईल. चार दिवस लागतील. पण सर, तुम्हाला तर आता माहीत झालंय."

"गिऱ्हाईक समोर बसलं की मला काही आठवत नाही. त्याची काळजी करू नका."

"ते मात्र खरं आहे," वृषाली म्हणाली.

"आणि हा आकडा रोज कुणीतरी माणूस बघून घालावा लागेल," मी तिला म्हणालो. "कोण आलंय, कुठून आलंय, माझी किती स्तुती करणार आहे, ते बघून. ते सॉफ्टवेअरला जमायचं नाही. मला तर जमणारच नाही. सोमवारी काय उत्तर द्यायचं ते तू ठरव. तू गेलीस तर मी कुलूप बसवून घेईन आणि किल्ली समीनाबाईंकडे देईन."

वहीच्या त्या पानावरून वृषालीने एकदा बोट फिरवलं.

कऱ्हाळ्यांचा सौदा मी मोडला नाही. वीस दिवसांत ड्रम वसमतला गेला आणि त्यातला घाटा मी माझ्या पगारातून भरला. पण तो विषय त्या दिवशी निघाला नाही. त्या दिवशी समीनाला गाडी गाठायची होती.

"सुरुवातीला काहीतरी आकडा घालावा लागेल," ती म्हणाली. "रिकामी ओळ ठेवता येत नाही. नंतर वृषाली मॅडम बदलू शकतील. किती घालू?"

"आईचे शेवटी साडेनऊ होते," वृषाली म्हणाली.

"पंधरा घाला," मी म्हणालो.

"पंधरा? एवढे कशाला?"

"तुझी आई समोर बसलेली असायची. मी फारच वाहत गेलो की चष्मा काढून पुसायला लागायची. म्हणून साडेनऊच्या आसपास थांबायचो. आता समोर कुणी नसतं."

समीनाने पंधरा टाईप केलं आणि विचारलं, "नक्की?"

वृषालीने माझ्याकडे बघितलं. चांगली दोन मिनिटं बघितलं, एखादं जुनं मशीन विकत घेताना बघतात तसं. मग ती समीनाला म्हणाली, "अठरा करा."